आकडा दिलात, आता कारणही द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई



मी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते आणि घरी दोन मुलांची आई आहे. शाळेतल्या मुलांनी चांगले चित्रपट पाहावेत म्हणून जमेल तेवढी खटपट करत असते. मंडळाच्या कामाशी माझा संबंध येतो तो प्रेक्षक, पालक आणि शिक्षिका म्हणून. या तिन्ही नात्यांनी आपल्यापुढे एकच मागणी ठेवायची आहे. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर आपण वयाचा आकडा छापता. तो आकडा का दिला, याचे कारणही त्याच्या शेजारी छापा. साध्या भाषेत, एक-दोन वाक्यांत, आणि चित्रपट ज्या भाषेत आहे त्या भाषेत.

मागणी छोटी वाटेल. पण तिच्यामागे काय आहे ते सविस्तर सांगायला हवे, कारण वयाची श्रेणी कशी ठरते, ती कुणावर बंधनकारक असते आणि कुणावर नसते, याची माहिती आमच्यासारख्या प्रेक्षकांपर्यंत फारशी पोचलेलीच नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिले असले, तरी ते माझ्या शाळेतल्या पालकांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आधी जे चांगले झाले त्याबद्दल मनापासून आभार मानते. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात संसदेने २०२३ साली दुरुस्ती केली आणि जुन्या 'यूए' या एकाच श्रेणीचे तीन भाग झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. मार्च २०२४मध्ये नवे नियम आले. त्याआधी चाळीस वर्षे एकच रेघ होती, बारा वर्षांची. परीकथेतला राक्षस जरा भीतीदायक आहे म्हणून 'यूए' मिळालेला चित्रपट आणि टोळीयुद्धात माणसे पटापट मरतात म्हणून 'यूए' मिळालेला चित्रपट, दोघांच्या पोस्टरवर तीच दोन अक्षरे असत. पहिलीतले मूल आणि सहावीतले मूल यांच्यात किती अंतर असते ते शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. दुसरीकडे, बारा ओलांडलेल्या सगळ्यांना एकदम एका पंक्तीला बसवले जाई. ती अडचण आता दूर झाली. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१६ साली अशाच धर्तीची शिफारस केली होती. तिने बारा आणि पंधरा हे टप्पे सुचवले होते. कायद्यात सात, तेरा आणि सोळा आले. टप्पे नेमके कुठे असावेत यावर मतभेद होऊ शकतात, पण टप्पे असावेत हे योग्यच.

आता या आकड्यांचा कायदेशीर अर्थ पाहू, कारण माझ्या मागणीचे मूळ तिथेच आहे.

'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षांखालच्या कुणालाही दाखवता येत नाही. आईवडील सोबत आहेत, त्यांची हरकत नाही, असे म्हणून चालत नाही. तो दाखवला तर दाखवणाऱ्यावर कायद्याने कारवाई होऊ शकते. 'यूए'चे तसे नाही. यूए १६+ लिहिलेल्या चित्रपटाला दहा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील आले, तर दारावरचा माणूस त्यांना अडवू शकत नाही. तो आकडा पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे आणि पालकांखेरीज इतर कुणी त्याची सक्ती करू शकत नाही, असे २०२३च्या दुरुस्तीत स्पष्टच केले आहे. म्हणजे सात, तेरा आणि सोळा या तिन्ही टप्प्यांवर कायद्याने निर्णय पालकाच्या हाती दिला. माझ्या मते ते बरोबर आहे. आपले मूल किती हळवे आहे, त्याने घरात काय सोसले आहे, कशाने ते रात्री दचकून उठते, हे मुंबईतल्या समितीला कळणार नाही. ते आईला कळते, बापाला कळते, कधी आजीला कळते.

पण निर्णय ज्याच्या हाती दिला त्याला निर्णयासाठी लागणारी माहिती मिळते का? पालकाला दिसतो तो फक्त आकडा. पोस्टरच्या कोपऱ्यात दिसतो, तिकिटाच्या ॲपवर नावाखाली दिसतो, आणि चित्रपट सुरू होण्याआधी प्रमाणपत्र काही क्षण पडद्यावर येते तेव्हा दिसतो. तोवर तिकीट काढून झालेले असते आणि मूल पॉपकॉर्न घेऊन शेजारी बसलेले असते. यूए १३+ म्हणजे नेमके काय? रक्त आहे? शिव्या आहेत? कुणी आत्महत्या करते? एखाद्या मुलीवर अत्याचार होतो? दारू आणि सिगारेटचा सुळसुळाट आहे? की फक्त भुताटकी आहे? आकड्यावरून यातले काहीच कळत नाही. औषधाच्या बाटलीवर किती चमचे द्यायचे ते लिहावे आणि औषध कशावरचे ते लिहू नये, तसे हे झाले आहे.

त्यामुळे पालक काय करतात ते मी रोज पाहते. शुक्रवारी चित्रपट लागला की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न येतो, 'कुणी पाहिला का? पोरांना नेण्यासारखा आहे का?' कुणीतरी उत्तर देते, 'छान आहे, फॅमिली आहे.' दुसरे कुणी सांगते, 'नका नेऊ, घाण आहे.' पहिल्याला मारामारी खटकलेली नसते, दुसऱ्याला एक चुंबन खटकलेले असते. देशातली एक वैधानिक संस्था चित्रपट पूर्ण पाहते, त्यावर चर्चा करते, श्रेणी ठरवते, आणि तरीही पालकाला आपला निर्णय शेजाऱ्याच्या अर्ध्या वाक्यावर घ्यावा लागतो. आपल्या सदस्यांच्या मेहनतीचे यात चीज होत नाही, असे मला मनापासून वाटते.

ती मेहनत काय असते, हेही लोकांना कळायला हवे. निर्माता आपल्या विभागातल्या प्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज करतो. मुंबईच्या मुख्यालयाखाली देशात अशी नऊ कार्यालये आहेत. पूर्ण लांबीच्या कथापटासाठी तपासणी समिती बसते. तिच्यात सल्लागार मंडळातले सदस्य आणि मंडळाचा एक अधिकारी असतो, आणि समितीत स्त्रिया असाव्याच लागतात. त्या वेळी निर्माता किंवा दिग्दर्शक सभागृहात नसतो. चित्रपट संपला की प्रत्येक सदस्य आपले मत आणि त्यामागची कारणे लेखी नोंदवतो. मग अर्जदाराला बोलावून त्याचे म्हणणे ऐकले जाते. निर्णय मान्य नसेल तर चित्रपट पुनर्निरीक्षण समितीकडे जातो, आणि तिथेही समाधान झाले नाही तर उच्च न्यायालय. मधला एक टप्पा, म्हणजे १९८३पासून काम करणारे चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण, २०२१च्या एप्रिलमध्ये बंद झाले. निर्मात्यांच्या दृष्टीने ते वाईट झाले, कारण कोर्टाची पायरी चढणे प्रत्येकाला परवडत नाही. तो विषय वेगळा आहे. इथे मला एवढेच दाखवायचे आहे की या सगळ्या वाटचालीत कारणे लिहिली जातात. ती आधीच कागदावर असतात. प्रेक्षकापर्यंत मात्र आकडा पोचतो आणि कारण फाइलीत राहते.

हे असे का झाले, याचे उत्तर मला इतिहासात दिसते. आपल्याकडे चित्रपट तपासण्याची व्यवस्था मुलांच्या काळजीतून जन्मली नाही. १९१८चा कायदा आणि १९२०मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून या शहरांत आलेली तपासणी मंडळे परकीय सरकारची होती. पडद्यावर काय दिसू द्यायचे आणि काय नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सगळ्यांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए' अशी विभागणी १९४९च्या दुरुस्तीने आली, १९५१ साली केंद्रीय मंडळ स्थापन झाले, १९५२ साली आजचा कायदा झाला. 'यूए' आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठीची 'एस' या श्रेणी १९८३पासून लागू झाल्या. म्हणजे व्यवस्थेचा पाया परवानगीचा आहे आणि वर्गवारी तिच्यावर नंतर चढवलेली आहे. परवानगी देणाऱ्याला कारण सांगायची सवय नसते. मार्गदर्शन करणाऱ्याला मात्र कारण सांगावेच लागते. २०२३च्या दुरुस्तीने 'यूए'च्या बाबतीत आपली भूमिका मार्गदर्शकाची ठरवली आहे. तेव्हा कामाची पद्धतही त्याप्रमाणे बदलायला हवी.

कारण दिल्याने काय साधेल, ते मराठी चित्रपटांच्याच आधाराने सांगते.

आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या १९५३च्या चित्रपटात शेवटी आई जाते. आमच्या आधीच्या पिढ्या तो पाहून ओक्साबोक्शी रडल्या आणि त्यांचे काही बिघडले नाही. उलट त्या चित्रपटाने घरात मृत्यूविषयी आणि मायेविषयी बोलणे शक्य केले. संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्ये एका लहान मुलाची दृष्टी कॅन्सरमुळे जाणार असते आणि त्याचे आजोबा ते त्याला कसे सांगायचे या चिंतेत असतात. तो मुलांनी पाहावाच असा चित्रपट आहे. पण नुकतेच घरातले माणूस गमावलेले किंवा स्वतः मोठे आजारपण सोसत असलेले मूल वर्गात असेल, तर मला ते आधी माहीत असायला हवे. मी त्याला दाखवणार नाही असे नाही. मी त्याच्या शेजारी बसेन. माहिती आधी मिळाली तर मोठे माणूस मुलाच्या शेजारी बसण्याची तयारी करून येते, आणि माहितीचा हा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जातीचा अपमान इतका जवळून दिसतो की मोठ्यांनाही तो सहन होत नाही. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक'मध्ये वयात येणाऱ्या मुलांचे कुतूहल आणि घरातल्या मोठ्यांचे गप्प बसणे हाच विषय आहे. हे दोन्ही चित्रपट मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आनंदाने दाखवीन, पण दोन्हींची पूर्वतयारी अगदी वेगळी असेल. एकासाठी मला वर्गात आधी जातीविषयी बोलावे लागेल, दुसऱ्यासाठी शरीराविषयी. दोघांना समजा एकच आकडा मिळाला, तर तो मला या तयारीत काडीचीही मदत करणार नाही. 'जातीय अपमानाची आणि प्राण्यांना पकडण्याची दृश्ये' किंवा 'लैंगिक कुतूहलाविषयीचे संवाद' असे एक वाक्य मिळाले, तर माझे निम्मे काम तिथेच होईल.

आकडा सरासरी मुलासाठी असतो आणि चित्रपटाला येते ते एक विशिष्ट मूल. एखाद्या मुलीला रक्त पाहून काही वाटत नाही, पण पडद्यावर नवरा बायकोला मारू लागला की ती थिजते, कारण ते तिने घरी पाहिलेले असते. तिच्या आईला त्या चित्रपटात मारहाण आहे हे कळण्याचा हक्क आहे.

बाहेरच्या देशांत हे कधीच सुरू झाले आहे. अमेरिकेत १९८४ साली 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेम्लिन्स' हे चित्रपट लहान मुलांनी पाहिले, पालक भडकले आणि दोन श्रेणींमधल्या पोकळीत पीजी-१३ ही नवी श्रेणी आली. तिथली व्यवस्था सरकारची नाही, चित्रपट उद्योगाने स्वतः चालवलेली आहे. त्यांनाही पुढे कळून चुकले की नुसती श्रेणी पुरत नाही, आणि १९९०पासून त्यांनी श्रेणीबरोबर थोडक्यात कारण द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमधले मंडळ तर प्रत्येक चित्रपटासाठी पालकांना वाचता येईल असे टिपण जाहीर करते : हिंसा कशी आहे, भाषा कशी आहे, भीतीचे प्रसंग किती आणि कसे आहेत. तिथे प्रदर्शित होणाऱ्या भारतीय चित्रपटांनाही ते लागू आहे. म्हणजे लंडनला राहणारे मराठी कुटुंब आपल्याकडच्या चित्रपटाला मुलांना घेऊन निघाले, तर त्यात काय आहे ते त्यांना घरबसल्या वाचता येते. तोच चित्रपट लातूरला किंवा मडगावला पाहणाऱ्या कुटुंबाला ते मिळत नाही.

परदेशाचे सोडा. आपल्याच केंद्र सरकारने २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ओटीटी मंचांना काय सांगितले आहे? तिथेही यू, ७+, १३+, १६+ आणि ए अशाच श्रेणी आहेत. त्याबरोबर आशयात काय आहे याचे वर्णन कार्यक्रमाच्या सुरुवातीला दाखवले पाहिजे, १३+ आणि त्यावरच्या श्रेणींसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय दिली पाहिजे, असे बंधन आहे. म्हणून घरच्या टीव्हीवर ओटीटी लावले की कोपऱ्यात 'हिंसा, शिवीगाळ, धूम्रपान' असे काहीतरी येते. ते वर्णन कधी त्रोटक असते, कधी ढोबळ असते, पण असते. खासगी कंपनीने पालकाला कारण सांगितलेच पाहिजे असा नियम सरकार करते. मग सरकारने नेमलेल्या मंडळाने पालकाला नुसता आकडा का द्यावा? याचे पटणारे उत्तर मला कुठे सापडत नाही.

कारण जाहीर करण्याचा दुसरा फायदा चित्रपट करणाऱ्यांचा आहे, आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

श्रेणी आणि कात्री यांची देवाणघेवाण आपल्याकडे जुनी आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या माहितीपटाला आधी 'ए' मिळाले. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. पुढे, काही दृश्ये कापली तर 'यू' देऊ, असे सांगण्यात आले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने पूर्वतपासणी घटनेत बसते आणि वयानुसार वर्गवारी करणे वाजवी आहे असा निकाल दिला. त्या निकालाला अर्धशतक उलटले, तरी 'एवढे कापा आणि खालची श्रेणी घ्या' हा व्यवहार थांबलेला नाही. त्यामागे अर्थकारण आहे. 'ए' चित्रपट आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, कुटुंब थिएटरला येत नाही, त्यामुळे निर्माता स्वतःच कात्री मागून घेतो. २०२३च्या दुरुस्तीने टीव्हीसाठी वेगळे प्रमाणपत्र घेण्याची वाट मोकळी केली. याने दबाव थोडा कमी व्हायला हवा.

कारणे जाहीर असतील तर हा व्यवहार उजेडात होईल. 'जसा आहे तसा यूए १६+, अमुक दोन प्रसंग आखडले तर यूए १३+,' असे लेखी आणि उघड असेल, तर दिग्दर्शक डोळसपणे निवड करील आणि प्रेक्षकालाही कळेल की कोणती निवड केली. 'उडता पंजाब'च्या वेळी २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाने सुचवलेल्या तेरा बदलांपैकी एक ठेवला आणि चित्रपट 'ए' प्रमाणपत्रासह मोकळा केला. प्रौढांसाठीचा चित्रपट प्रौढांना पूर्ण पाहू द्यावा, हे त्यातून निघणारे तत्त्व मला पटते. वयाची श्रेणी नीट काम करत असेल तर कात्रीची गरज आपोआप कमी होते. ज्याला पाहायचे नाही त्याला आधी कळते, ज्याला पाहायचे आहे त्याला पूर्ण चित्रपट मिळतो.

मंडळाने हे तत्त्व पाळल्याचे उदाहरणही आमच्या मराठीतच आहे. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट २०१७मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून वगळला गेला. निवड समितीने निवडलेला चित्रपट केंद्र सरकारने काढून टाकला, म्हणून मोठा वाद झाला. मंडळाकडे तो आला तेव्हा मात्र २०१८च्या सुरुवातीला एकही कट न सुचवता त्याला 'ए' देण्यात आले. मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका कष्टकरी आईची ती गोष्ट. मंडळाने तो अखंड ठेवला याचे मला तेव्हा फार बरे वाटले होते. पण नाव 'न्यूड' आणि शेजारी नुसते 'ए' एवढेच पाहून किती जणांनी त्याच्याविषयी भलताच समज करून घेतला असेल! कारणाचे एक वाक्य चित्रपटाचेही रक्षण करते. 'चित्रकलेच्या वर्गातली नग्न मॉडेलिंगची दृश्ये' असे स्वच्छ शब्दांत लिहिले की भलत्या अपेक्षेने येणारा येत नाही आणि ज्याच्यासाठी चित्रपट आहे तो बिचकत नाही.

काही आक्षेप घेतले जातील, ते मला माहीत आहेत.

पहिला, कारण सांगितले तर कथा फुटेल. फुटणार नाही. 'आत्महत्येचा उल्लेख' असे लिहिले तर कोण, केव्हा, का हे काही कळत नाही. ज्या घरात ते दुःख घडून गेले आहे, त्या घरासाठी मात्र तो उल्लेख फार मोलाचा असतो. रहस्याच्या आनंदापेक्षा मी त्या घराचा विचार आधी करीन.

दुसरा, काम वाढेल. सदस्य कारणे लिहितातच. त्यातून दोन वाक्ये काढण्यासाठी समितीतल्या अधिकाऱ्याला थोडा वेळ लागेल. देशभरातल्या लाखो पालकांचा गोंधळ त्याने कमी होणार असेल, तर तो वेळ सार्थकी लागेल.

तिसरा आक्षेप गंभीर आहे : कारणे छापली की त्यांच्यावरून वाद होतील. एखाद्या समाजाचे नाव आले, धर्माचा उल्लेख आला, की मोर्चे निघतील. यावर उपाय आहे. कारण हे दृश्य आणि भाषा यांपुरतेच मर्यादित ठेवा : हिंसा, भीती, लैंगिक दृश्ये, लैंगिक अत्याचार, शिवीगाळ, व्यसने, स्वतःला इजा करणे, भेदभावाची वागणूक. ठरावीक शब्द घ्या आणि त्यांचे अर्थ जाहीर करा. चित्रपटाच्या विचाराबद्दल, राजकारणाबद्दल, कुणाच्या भावनांबद्दल त्यात काही नको. ते पालकाला वयाच्या निर्णयासाठी लागत नाही. १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की चित्रपटाचा विचार सुटा प्रसंग पाहून न करता एकूण परिणाम पाहून, आणि त्यातला काळ लक्षात घेऊन करावा. श्रेणी ठरवताना ते पाळा. कारण सांगताना मात्र त्या श्रेणीला जबाबदार ठरलेल्या गोष्टी नेमक्या सांगा.

चौथा, पालक वाचणारच नाहीत. सगळे वाचणार नाहीत, हे खरे. वयाचा आकडासुद्धा सगळे पाहत नाहीत. ज्या आईला वाचायचे आहे तिला ते मिळाले पाहिजे, एवढे माझ्यासाठी पुरेसे आहे. आणि आपल्याकडचे पालक बेफिकीर आहेत असे मी मानत नाही. वर्गाच्या गटावर दर शुक्रवारी येणारा तो प्रश्न काळजीचाच असतो.

आता नेमके काय करावे, ते लिहिते.

प्रत्येक प्रमाणपत्रावर श्रेणीच्या खाली कारणाची एक-दोन वाक्ये असावीत. मराठी चित्रपटावर ती मराठीत असावीत, कोकणीवर कोकणीत. जाहिरातीत श्रेणी दाखवण्याचे बंधन आधीपासूनच आहे. त्यात कारणाची भर घालावी आणि अक्षरे वाचता येतील एवढी मोठी असावीत. तिकीट विकणाऱ्या ॲपना आणि खिडक्यांना पैसे घेण्याआधी ते दाखवायला सांगावे. मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही चित्रपटाच्या नावाने ते शोधता यावे. जिथे कापण्याच्या बदल्यात खालची श्रेणी देऊ केली, तिथे दोन्ही पर्याय नोंदवून जाहीर करावेत. आणि सल्लागार मंडळांवर नेमणुका करताना बालमानसशास्त्राचे जाणकार, शिक्षक आणि बालरोगतज्ज्ञ यांना जागा द्यावी. नव्या नियमांनी मंडळावर किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, शक्यतो निम्म्या असाव्यात, असे म्हटले आहे. तसाच आग्रह मुलांना रोज जवळून पाहणाऱ्या माणसांसाठीही धरता येईल.

याला जोडून येणारे एक काम आपल्या हातचे नाही, हेही मला कळते. चित्रपटाला प्रदर्शनाची मंजुरी हा केंद्राचा विषय आहे आणि चित्रपटगृहांचा परवाना राज्यांचा. 'ए' चित्रपटाच्या दारावर वय तपासले जाते की नाही, हे पाहणे राज्य सरकारचे काम आहे. मोठ्या शहरांतल्या मल्टिप्लेक्समध्ये ओळखपत्र मागितले जाते. लहान गावांत ते बहुतेक वेळा दारावरच्या माणसाच्या मर्जीवर असते. म्हणून या पत्राची एक प्रत मी महाराष्ट्र शासनाच्या गृह विभागालाही पाठवत आहे. तरी माझा अनुभव असा आहे की ज्या नियमाचे कारण लोकांना पटते, तो नियम दारावर पाळणे सोपे जाते. 'साहेब, यात असे असे आहे, म्हणून पोराला सोडता येणार नाही,' असे सांगता आले तर त्या माणसाशी कुणी हुज्जत घालणार नाही.

माझ्या या मागणीतला पहिला भाग सुरू करायला संसदेची वाट पाहावी लागू नये, असे मला वाटते. कारणे लिहून ठेवलेली आहेत आणि संकेतस्थळ आपले आहे. येत्या शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून, श्रेणीपुढे एक वाक्य लिहून ते जाहीर करायला सुरुवात करावी. ते वाक्य आमच्या वर्गाच्या गटावर मी स्वतः टाकेन, आणि ते वाचून मुलांना न्यायचे की थांबायचे, की नेऊन नंतर त्यांच्याशी बोलायचे, हे आमचे आम्ही ठरवू. कायद्याने तो निर्णय आमच्यावर सोपवला आहे. तो नीट घ्यायची आमची तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक शिक्षिका आणि पालक